जावयाचं घड्याळ आणि घरची तागडी

वाल्मिक बोरसे बाजारातून आला की पाय धुवायच्या आधी तागडी काढी. लिंबायतच्या त्या दीड खोलीच्या घरात दारामागच्या खिळ्याला ती कायमची टांगलेली असे. वांगी, कांदे, गूळ, जे काही आणलं असेल ते घरच्या वजनांवर पुन्हा तोलायचं, आणि जरा कमी भरलं की पिशवी उचलून उलट्या पावली जायचं आणि त्या भाजीवाल्याचा भर चौकात उद्धार करायचा. बायको अनुसया आधी आधी आडवी येई. पुढे तिनं नाद सोडला. तागडी निघाली की ती आपली चुलीकडे तोंड करून बसे.

सुरतेत माणूस उतरला की त्याला लुबाडायला अख्खं शहर स्टेशनवर उभं असतं, असं वाल्मिकचं ठाम मत होतं. अमळनेरकडचं गाव सोडून तरणाताठा असताना तो इथे आला, लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, धोटा भरण्यापासून सुरुवात केली आणि आता मास्तर झाला होता. म्हणजे बिघडलेले माग खोलून जुळवणारा. हाताखालचे कारागीर त्याला आप्पा म्हणत आणि तो पाठ फिरवताच आणखीही काही म्हणत. सूत मोजून देणारा चोर, कापडाचे ताके मोजून घेणारा महाचोर, डॉक्टर पाण्याची सुई टोचतो, शाळेतला गुरुजी मार्क विकतो. "आठे कोनावर इसवास ठेवानं काम नही," तो अनुसयाला सांगे. "आठे हवाबी भेसळनी शे." असा माणूस घरात असणं म्हणजे पोलीस चौकीत संसार थाटणं. अनुसयानं तो थाटला, त्याच घरात एक मुलगी वाढवली, आणि त्या मुलीचं, हर्षदाचं, लग्न प्लेगनंतर दुसऱ्या वर्षी झालं.

चौऱ्याण्णवचं ते प्लेगचं साल सुरतेत कोणी विसरत नाही. ज्याला जमेल तो मिळेल त्या गाडीला लोंबकळून गावाकडे पळाला होता. त्यामुळे इथली माणसं अजूनही गोष्टी प्लेगच्या आधीच्या आणि प्लेगच्या नंतरच्या अशा सांगतात.

हर्षदाचं सासर चलथाणचं. सासरा बळीराम साखर कारखान्यात, शब्दाला कंजूष माणूस. सासू सरलाबाई मात्र त्याच्या वाट्याचंही बोलून घेणारी. नवरा गजेंद्र सचिन गावातल्या एका रंगाई मिलमध्ये कामाला. आमच्याकडे जावयाला लग्नात घड्याळ द्यायचं असतं, आणि सरलाबाईंनी बैठकीतच सांगून टाकलं होतं की साधं चावीचं चालणार नाही, परदेशी ऑटोमॅटिक पाहिजे. हात हलला की आपोआप चावी बसते ते.

असं कोरं घड्याळ घ्यायची वाल्मिकची ऐपत नव्हती आणि नाही म्हणायची त्याहून नव्हती. मग हा जगाचा हिशेब तपासणारा माणूस एका शनिवारी चौकबाजारला तापीच्या काठी जुन्या मालाचा बाजार भरतो तिथे गेला आणि फडक्यावर मांडलेल्या ढिगातून एक परदेशी घड्याळ उचलून आणलं. विकणाऱ्यानं आईची शपथ घेतली की माल अस्सल आहे. वाल्मिकनं ते तासभर कानाला लावून ऐकलं, घासाघीस केली, शिव्या दिल्या आणि घेतलं. वरची काच नवी बसवून घेतली, पट्टा नवा घातला, एक रिकामी मखमली डबी कुठून तरी पैदा केली. मांडवात सगळ्यांच्या देखत जावयाच्या मनगटावर चढवताना त्यानं मुंबईहून मागवल्याचं मोठ्यानं सांगितलं. त्याच्या मते यात खोटं असं काही नव्हतं. घड्याळ अस्सल होतं. कोरं होतं की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं.

दोन वर्षं ते चाललं. मग थांबायला लागलं. गजेंद्रनं ते स्टेशनकडच्या एका दुकानात दाखवलं. तिथल्या माणसानं ते आत नेलं, बाहेर आणलं आणि मान हलवली. "भाई, अंदरनुं मशीन डुप्लिकेट छे." वर म्हणाला, भंगारात घालायचं असेल तर मी घेतो. गजेंद्र गरीब स्वभावाचा. त्यानं हे जसंच्या तसं घरी येऊन आईला सांगितलं, आणि तिथेच घात झाला.

सरलाबाई दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन लिंबायतला आल्या. चाळीतल्या बायका नळावर होत्या, त्या पाणी भरायच्या थांबल्या. सरलाबाई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, घड्याळ दारात ठेवलं. "घड्याय खोटं दिधं, याही," त्या म्हणाल्या. "पोर तरी खरी दिधी का?" अस्सल घड्याळ घेऊन या, मग मुलीला नांदायला नेऊ, असं वरून सांगून त्या निघून गेल्या. हर्षदा हातात पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. नळावरच्या बायकांनी तिच्याकडे बघून घेतलं आणि मग हंडे उचलले.

वाल्मिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदाही त्याच्या मनात आलं नाही की तापीच्या काठचा तो शपथ घेणारा खोटं बोलला असेल. नव्हे, हे काम त्या स्टेशनकडच्या दुकानदाराचंच. घड्याळ आत नेलं तेव्हाच अस्सल यंत्र काढून नकली बसवलं! तो तसाच दुकानात गेला, काउंटरवर मूठ आपटली, गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणाला. दुकानदारानं दोन माणसं बोलावून त्याला पायरीवरून खाली काढला. मग तो भागळच्या बाजारात एका घड्याळवाल्याकडे गेला. त्यानं झाकण न उघडताच आधीच्यानं वाट लावल्याचं सांगितलं. तिसरा म्हणाला ठेवून जा, आठ दिवसांनी या. ठेवून जा म्हटल्यावर वाल्मिक त्याच्याही अंगावर धावला. घड्याळ कोणाच्या हाती सोडायचं नाही, पण उघडून तर बघायचंय, आणि जो बघेल तो जे सांगेल ते चलथाणला खरं वाटलं पाहिजे. असा माणूस सुरतेत आणायचा कुठून?

इकडे हर्षदा घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करू लागली. बापाशी बोलत नव्हती असं नाही, पण विचारल्याशिवाय बोलत नव्हती. तिचं नवऱ्याशी वाकडं काहीच नव्हतं. नवऱ्याची आठवण येत होती आणि ती तसं आईला सरळ म्हणालीही. अनुसयानं ते वाल्मिकला सांगितलं तर तो म्हणाला, घड्याळाचा निकाल लागू दे. जसा काही तो घड्याळाचाच संसार होता.

रस्ता शेवटी निघाला तो ज्याचं तोंड बघायचं नाही अशा माणसाकडून. वरच्या गच्चीवर दगा नावाचा एक शेजारी कबुतरं पाळत असे. त्या कबुतरांनी अनुसयाच्या कुरडयांवर घाण केली म्हणून वाल्मिकनं एकदा त्याचा पिंजराच लाथेनं उलटा केला होता, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पण अनुसया मधून मधून बोलत असे, आणि तिनंच त्याला विचारलं. दगा जिना उतरून स्वतः आला. मदत करायला आला होता की मजा बघायला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

दगाच्या सांगण्यावरून वाल्मिकला प्रथमच कळलं की कबुतरवाल्यांची एक वेगळीच दुनिया आहे. उन्हाळ्यात त्यांच्या शर्यती लागतात. सकाळी कबुतरं सोडायची, ज्याची जास्त वेळ आभाळात राहतील तो जिंकला. प्रत्येकाच्या गच्चीवर विरुद्ध बाजूचा माणूस घड्याळ लावून बसतो. पूर्वी त्या घड्याळांवरून डोकी फुटायची, कारण कोणाचं मुद्दाम पुढे तर कोणाचं मागे. म्हणून आता शर्यतीच्या आधी सगळी घड्याळं एकाच माणसाकडे जातात. तो ती सगळ्यांच्या समोर उघडतो, लावतो, बंद करतो आणि झाकणावर लाखेचा ठिपका देतो. ठिपका फुटला तर तो गडी बाद. नाव शालिग्राम. डिंडोलीच्या रेल्वे फाटकाजवळ बसतो.

वाल्मिकनं अर्थातच विचारलं, तो कोणाच्या बाजूचा?

"त्यानं कोनासंगे पटत नही," दगा म्हणाला. "म्हनीनच आम्हना त्यानावर इसवास शे."

शालिग्राम बुलढाण्याकडचा. एका बंद दुकानाच्या ओट्यावर काचेची पेटी, त्यामागे हा सुकलेला माणूस, डोळ्याला भिंग. त्यानं वाल्मिकला बस म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाला हातही लावला नाही. दोन्हीकडची माणसं समोर बसल्याशिवाय झाकण उघडणार नाही, म्हणाला. दिसेल ते एकदाच सांगणार, आणि विचारलं त्याचं उत्तर देणार. नंतर कोणी हळू बोला म्हणायचं नाही. हे त्याचे नियम कबुतरवाल्यांना चालत होते. तुम्हाला चालत नसतील तर शहरात घड्याळवाले पुष्कळ.

वाल्मिकला हा माणूस बघताक्षणी आवडला नाही, आणि याच कारणानं पटला. तोंडावर तेल लावून बोलणारे आजवर सगळे चोर निघाले होते. तो उठायला लागला तेव्हा शालिग्रामनं भिंग खाली केलं आणि घड्याळ कुठून घेतलं होतं ते विचारलं. वाल्मिक म्हणाला, मुंबईहून, कोरं.

"एकदा झाकण उघडलं का माह्या हाती काई राहत नाई," तो म्हणाला. "पाहून घ्या बाप्पा, अजून वेळ हाये."

यावर दुसरा एखादा माणूस घाबरला असता. पण वाल्मिकला वाटलं, आत यंत्र असतं, यंत्राला काय कळतं कोरं आणि जुनं? लूमवर वीस वर्षं चाललेला माग आणि काल आणलेला माग पुसून ठेवला की सारखाच दिसतो. तो स्वतः शेठच्या गिऱ्हाइकांना तसा दाखवत आला होता. त्यानं चलथाणला निरोप धाडला: रविवारी या, आणि येताना जीभ तेवढी घरी ठेवून या.

रविवारी ओट्यावर मेळाच भरला. चलथाणहून तिघं आली. सरलाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या, बळीराम टोपी मांडीवर ठेवून बसला, गजेंद्र हर्षदाच्या समोर पण लांब. हर्षदा आईच्या मागे बसली. दगा आपल्या दोन-चार कबुतरवाल्यांना घेऊन आला होता. वाल्मिकनं साक्षीदार म्हणून त्यांना स्वतःच बोलावलं होतं. ज्याचा पिंजरा लाथाडला त्याला साक्षीला बोलवावं लागलं, याचाही राग त्याला आलाच होता, पण जिंकायला माणसं लागतात.

शालिग्रामनं झाकण फिरवून काढलं आणि पांढऱ्या कागदावर पालथं ठेवलं. मग भिंग लावून बराच वेळ आत बघत बसला. फाटकावरून मालगाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत तो बोलायचा थांबला.

"यंत्र अस्सल हाये. कोणी बदललं नाई," तो म्हणाला. रंगाईच्या वाफेत काम करतानाही घड्याळ जावयाच्या हातावर राहिल्यानं तेल आटून आत गंज धरला होता, तेवढंच बिघडलं होतं. शेवटचं ज्यानं उघडलं त्यानं आत आपली खूण केली नव्हती. ज्याला खोटं सांगून माल लाटायचा असतो तो खूण करत नाही, असं शालिग्राम म्हणाला.

झालं! वाल्मिक उभाच राहिला. दोन महिने आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं. सरलाबाईंचं खानदान, त्यांची नियत, पाण्याला न शिवता दारातून परत जाण्याची रीत, गजेंद्रची अक्कल, सगळं त्यानं कबुतरवाल्यांच्या समोर धुऊन काढलं. सरलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. अनुसया त्याचा सदरा ओढत होती. पोरीला न्यायला आली आहेत, आता पुरे करा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि खरोखर त्या क्षणी गप्प बसला असता तर हर्षदा त्याच संध्याकाळी चलथाणला गेली असती. पण जिंकलेला वाल्मिक गप्प बसलेला कोणी कधी पाहिला नव्हता. तो बळीरामकडे वळला आणि म्हणाला, विचारा, अजून काय विचारायचं असेल ते विचारून घ्या या माणसाला, नंतर पुन्हा शंका नको.

बळीरामनं टोपी मांडीवरून उचलली आणि खाली ठेवली. यंत्र कोणी बदललं नाही हे तुम्हाला कसं कळलं, एवढंच त्यानं शांतपणे विचारलं.

शालिग्रामनं झाकण उलटं करून पुढे सरकवलं. आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेलं एक बारीक अक्षर होतं आणि त्याखाली साल. घड्याळ उघडलं की कारागिरानं आत आपली खूण करायची, ही त्या धंद्याची रीत. लूमवर आयुष्य काढलेल्या वाल्मिकनं ती कधी ऐकली नव्हती. खूण शालिग्रामची होती. हे घड्याळ त्यानं पूर्वी खोललं होतं, म्हणून यंत्र तेच हे तो छातीवर हात ठेवून सांगू शकत होता. साल प्लेगच्या आधीचं होतं.

"लगीन तं प्लेगना नंतर व्हयनं," बळीराम म्हणाला.

दगानं खालचा ओठ दातात धरला. वाल्मिकनं झाकण ओढून घेतलं आणि ते साल स्वतः वाचून पाहिलं. सरलाबाईंची मान वर आली होती. घड्याळ आधी कोणाचं होतं, त्यांनी विचारलं. शालिग्रामनं वाल्मिककडे एकदा बघितलं. त्या बघण्यात दया नव्हती, पण दुष्टावाही नव्हता. विचारलं त्याचं उत्तर द्यायचं, हा नियम त्यानं आधीच सांगितला होता. कामरेजचे एक शाळामास्तर होते, म्हणाला. घड्याळ दुरुस्तीला तेच आणत. पुढे ते वारले. घरच्यांनी मोडीत काढलं असेल.

मेलेल्या माणसाचं घड्याळ मांडवात नवरदेवाच्या हातावर! सरलाबाई किंचाळल्या नाहीत, हे त्याहून वाईट. त्यांनी पदर खोचला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या की दोन वर्षं माझा मुलगा मेलेल्याची वेळ हातावर घेऊन फिरला, आणि हा माणूस आमची नियत काढतोय. मग त्या उठल्या. बळीराम उठला. गजेंद्र तेवढा उठायच्या बेतात राहिला. घड्याळाकडे त्यानं पाहिलंच नाही, तो हर्षदाकडे बघत होता.

वाल्मिक वळला तो मुलीकडे. तुझ्यासाठीच केलं, तो म्हणाला. ऐपत नव्हती, तुझ्या लग्नासाठीच ही वणवण केली.

हर्षदा आईच्या मागून पुढे आली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि दोन्ही तिनं लपवलं नाही.

"घड्याय त्यासना हातमा, आन जबाब मी देवाना?" ती बापाला म्हणाली.

उत्तराची वाट न बघता ती शालिग्रामकडे वळली. साफ करून द्या, म्हणाली. कोणासाठी, त्यानं विचारलं, कारण मालक कोण हे त्याला कळल्याशिवाय तो हात लावत नसे. बाप झाकणाकडे बघत होता, नवरा तिच्याकडे, सासू तर पाठ करून उभी. "आते हाई मीच बांधसू," हर्षदा म्हणाली. शालिग्रामनं मान हलवली, सुई घेतली आणि झाकणाच्या आत जुन्या खुणेखाली नवं साल ओरखडलं. त्या दिवशी त्याला कोणाबद्दल काही वाटलं असेल तर ते तेवढंच.

पावसाळा लागता लागता गजेंद्र एकटा आला. आईला न विचारता त्यानं सचिनला मिलच्या मागे एक खोली भाड्यानं घेतली होती. तो दारातच उभा राहिला आणि हर्षदा येते का, एवढंच त्यानं विचारलं. हर्षदानं पिशवी भरली. आईच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडून रडली. बाप दारामागे उभा होता, त्याच्याजवळ येऊन ती थांबली, पण वाकली नाही. आईला कधीही धाडा, म्हणाली, ती आली की बरं वाटेल. मनगटावर ते घड्याळ होतं, तिच्या बारीक हाताला जरा मोठंच दिसत होतं. चांगलं चाललं होतं.

चाळीत ही गोष्ट दगानं पुरेशी पसरवली होती. खात्यात कारागीर आता आप्पांच्या तोंडावरच माग कोणत्या सालचा ते विचारत आणि हसत. नळावरच्या बायका वाल्मिक दिसला की हंड्याच्या आत साल शोधल्यासारखं डोकावून बघत. तो सगळ्यांशी भांडला, नेहमीपेक्षा जास्त भांडला. दगाच्या कबुतरांवर दगड मारला आणि तोही चुकला. पण अनुसया मात्र त्याच्याशी एका शब्दानं भांडली नव्हती, आणि याचंच त्याला बरं वाटत होतं. निदान घरात तरी कोणी काही काढत नाही, असं तो स्वतःची समजूत घालून म्हणत असे.

हर्षदा गेली त्या संध्याकाळी तो बाजारातून कांदे घेऊन आला. पिशवी टेकवली आणि सवयीनं दारामागे हात घातला. तागडी खिळ्यावर नव्हती. ती अनुसयाच्या हातात होती. तिनं पिशवी आपल्याकडे ओढली, काय भावानं आणि कुठल्या गाडीवरून घेतले ते विचारलं, आणि त्यानं सांगितलेल्यावर मान न हलवता कांदे पारड्यात घातले.

कांदे बरोबर भरले. तिनं ते काढले आणि पुन्हा एकदा तोलले.